पोटातल्या पाच फासळ्या

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवण्याआधी माझी ट्रंक टोकून पाहिली. उजव्या हाताचं मधलं बोट मुडपून झाकणावर तीनदा टकटक केलं, कान तिरका केला आणि म्हणाले, "वर कपडे, खाली पुस्तकं. बरोबर?"

"खाली भांडी आहेत," मी म्हटलं.

"पाहू."

उन्हातून आलेली, दमलेली मी भर अंगणात ट्रंक उघडून उभी राहिले. भांडीच निघाली. त्यांचा चेहरा जरा उतरला. अंदाज चुकला म्हणून नव्हे, मी खरं बोलले म्हणून उतरला असावा, असा मला तेव्हाच संशय आला. पुढे तीन वर्षं त्या घरात राहिले आणि तो संशय पक्का होत गेला.

देऊळगाव राजाला मी बदलीवर आले होते. एका खात्याच्या तालुका कचेरीत बसायचे. येणाऱ्या फाइलींवर 'तपासले' असा शिक्का मारायचा, खाली सही करायची, फाइल वरिष्ठांच्या टेबलावर सरकवायची, हे माझं काम. अकरा वर्षं तेच करत होते आणि हात बसला होता. शेजारच्या टेबलाशी गप्पा मारता मारता ढीग संपायचा.

घरमालक बांधकामाच्या खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले. सगळा मोहल्ला त्यांना साहेब म्हणे, म्हणून मीही म्हणायचे. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात कायम टॉर्च. भर दुपारीसुद्धा. जगाबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते दिवसातून चारदा ऐकवायचे: "दिसते ते पिलास्टर, मॅडम. खरं ते आत. अन् झाकलं की संपलं."

याचा त्रास सगळ्यात जास्त भरल्या पदार्थांना व्हायचा. कचोरी पुढे आली की ते आधी तिची चिरफाड करत. पुरणपोळी उजेडासमोर धरून पुरण कडेपर्यंत गेलंय का ते पाहत. एका लग्नात त्यांनी गुलाबजाम चमच्यानं मधोमध कापला आणि आचाऱ्याला बोलावून विचारलं, "आत काऊन कच्चा हाये बे?" टरबूज तर सगळेच टोकून घेतात. साहेब टरबूजवाल्याची गाडी टोकायचे.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणे. काकूंनी एकदा मटकी निवडता निवडता सांगितलं, "मले पाह्याले आले ना माय, तं आदी घराच्या मागून फिरून आले. भिंत टोकून पाह्यली. माह्या बापाले वाटलं, पोरगी पाह्याले आला का घर घ्याले!"

"मग?"

"मंग काय. भिंत पक्की निघाली."

अशा माणसाच्या घरात मागच्या बाजूला एक बंद खोली होती. खिडकीला आतून जाड पडदा. दुपारी तिथून टकटक ऐकू यायची, मग शांतता, मग पुन्हा टकटक. कधी कधी इतका उग्र वास सुटायचा की मी जेवणाचं ताट बाजूला सारायचे. पोस्टमन लांब, चपटी पार्सलं आणायचा. ती घेताना साहेब त्याच्याकडे असे बघत, की बिचारा सही घ्यायला विसरे. मोहल्ल्यात कोणी म्हणे म्हातारा गुप्तधन शोधतोय, कोणी म्हणे हाडं उकळून काहीतरी करणी करतो. मी शिकलेली बाई, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दाराला आतून कडी लावून वर खुर्ची लावायला मी तेव्हापासून सुरुवात केली, हे कबूल करते.

शेवटी एका रविवारी पडद्याची कड जरा सरकलेली दिसली आणि मी डोळा लावला. आतूनही एक डोळा माझ्याकडेच बघत होता.

"या मॅडम," तो डोळा म्हणाला. "चोरून काऊन पाहता? दारातून पाहा."

आत गिटारी होत्या. चार भिंतीवर टांगलेल्या, पाचवीचे सुटे भाग टेबलावर. वास सरसाचा होता, सुतार लाकूड चिकटवायला वापरतात तो सरस, स्टोव्हवर गरम पाण्यात ठेवलेला. आणि छताला दोऱ्यानं बांधून उडदाचा एक पापड लोंबत होता.

मी आधी पापडाबद्दल विचारलं.

"हवा पाह्याले. पापड कडक हाये तं हवा कोरडी. मंगच सरस लावाचा. सादळला तं त्या दिवशी सुट्टी. दमट हवेत जोडलं तं उन्हाळ्यात वरची फळी तडकते. कंपनीचं यंत्र भेटते, पन त्याच्या आत काय हाये, आपल्याले काय माहीत? पापड हिनं लाटलेला हाये, माह्यासमोर."

मग गिटारींची हकिगत कळली. पुतण्याची एक स्वस्तातली गिटार मागून फुटली होती. साहेबांनी सवयीनं फटीतून टॉर्च मारला आणि थक्क झाले. वरच्या पातळ फळीला आतून लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. "आतून लोखंड टाकलेलं, मॅडम! स्लॅबसारखं!" तारांचा सगळा ताण त्या पट्ट्या पेलतात, आणि त्या किती, कुठे, कशा बसवल्या यावर आवाज ठरतो. बाहेरून मात्र काही दिसत नाही. जन्मभर झाकलेल्या लोखंडावर संशय घेतलेल्या माणसाला याहून दुसरं काय हवं होतं? त्या पट्ट्यांना ते फासळ्या म्हणत.

पण साहेब बनवत होते ती साधी गिटार नव्हती, स्पेनकडच्या फ्लामेंको वादनाची होती. तीच कशाला, असं मी विचारलं. त्यांनी मोबाइलवर एका वादकाची चित्रफीत दाखवली. तो तारा छेडता छेडता मध्येच बोटानं गिटारीच्या अंगावर ठकठक करत होता. ती त्या वादनाची रीतच आहे.

"पाहा," साहेब भारावून म्हणाले. "हा मानूस नुसता वाजवून नाई राह्यला. वाजवता वाजवता तपासून राह्यला."

मी हसले नाही. हसले असते तर ट्रंकेसकट बाहेर काढलं असतं.

या गिटारीची मेख अशी की तिचं पान, म्हणजे वरची फळी, फार पातळ लागते आणि फासळ्याही कमी आणि हलक्या. तरच आवाज कोरडा, चटकन उसळून येतो. इथेच साहेबांचं घोडं अडलं होतं. त्यांचा विश्वास कशावरच नव्हता, लाकडावर नाही, सरसावर नाही. त्यांनी पहिल्या गिटारीत अकरा फासळ्या घातल्या. तिच्यावर पाट म्हणून बसून जेवता आलं असतं आणि आवाजही पाटाचाच होता. दुसरीत नऊ. तिसरीत नऊ, पण बारीक. चौथीत सात. प्रत्येकीची नोंद एका लांब रजिस्टरात होती: फासळ्या किती, पसरलेल्या बोटांसारख्या की तिरप्या, सरस कोणता, पापड कसा, निकाल काय. शेवटचा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा. झाकण्याआधी आत पाहून केलेली सही. चारही ठिकाणी सही त्यांचीच होती.

निकाल द्यायला जालन्याहून एक तरुण संगीत शिक्षक एसटीनं यायचा. त्याच्यावरही साहेबांना आधी संशय होताच. "एकाच हाताची नखं वाढवते. काऊन? दुसऱ्या हातानं काय करते?" ती नखं तारा छेडायला लागतात हे त्यानं बापड्यानं दोनदा समजावलं. तो वाजवायचा, मान हलवायचा आणि दर वेळी तेच सांगायचा, "साहेब, आवाज आत अडकतोय. आतलं ओझं कमी करा."

"कमी केलं तं बसंल ना!"

"नाही बसणार. विश्वास ठेवा."

विश्वास! साहेबांना कुणी शिवी दिली असती तर ते कमी दुखावले असते.

पाचव्या गिटारीला मात्र ते पाचावर आले. कारण त्यांच्याकडे चांगल्या लाकडाचं एकच पान उरलं होतं आणि त्यांचे डोळे चालले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. "आत भिंग बसोते म्हनते. मी पाहू कसा, काय बसोलं ते? डोयाच तं झाकलेला राह्यते!" काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "मले एकच कळू दे," ते म्हणायचे, "पाच पुरते का नाई. मंग डोये गेले तं गेले."

पाच फासळ्या चिकटवायला त्यांना पूर्ण आठवडा लागला. हात थरथरायचे, आणि सरस तर गरम आहे तोवर चटकन लावावा लागतो. मग एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर गिटार पोट उघडं टाकून पडली होती. फक्त मागची फळी लावायची बाकी. त्यांनी मला टॉर्च दिला, रजिस्टर दिलं, आणि जरा वेळ पायाकडे बघत राहिले.

"मॅडम, यावेळी तपासणी तुमी करा. मले आतलं दिसत नाई."

त्यांनी मला शिकवलं. प्रत्येक फासळीवर बोटानं टोकायचं. जोड पक्का असेल तर ठण्ण वाजतं, कच्चा असेल तर ठप्प. टॉर्च आडवा धरून कडेनं फट पाहायची. वर पापड कडक होता. "आता मी बाहीर जातो. तपासनीच्या टायमाले ठेकेदारानं उभं राह्यचं नसते."

दार ओढून ते अंगणात जाऊन बसले. ज्या माणसानं बायकोच्या बापाची भिंत टोकली, त्यानं मला एकटीला त्या खोलीत सोडलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मला मात्र वाटलं, यात काहीतरी डाव आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भावाचा. घरच्या कुठल्याशा भानगडीवरून आम्ही चांगलं दहा मिनिटं भांडलो. फोन ठेवला तेव्हा डोकं तापलं होतं, बाहेरून काकू जेवायला हाका मारत होत्या. मी गिटारीकडे एक नजर टाकली. पाच फासळ्या होत्या. मोजल्या. रजिस्टर ओढलं, 'तपासले' लिहिलं आणि सही ठोकली. टोकलं एकदाही नाही.

साहेबांनी सहीवरून बोट फिरवलं आणि त्याच दुपारी पोट बंद केलं.

तारा चढल्यावर जालन्याचा शिक्षक आला. त्यानं पहिला झणकार काढला आणि काकू पोळपाट सोडून दाराशी आल्या. तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तसे सूर उडत होते. त्यानं मध्येच गिटारीच्या अंगावर ठकठक केलं आणि साहेबांनी डोळे मिटले. "हीच," तो म्हणाला. "साहेब, हीच मला द्या." साहेब म्हणाले, "आठ दिवस थांबा. स्लॅबले बी पानी मारत ठेवा लागते. लगेच कोनी चढत नाई."

सहाव्या दिवशी गिटार झर्रर्र करायला लागली. तिसऱ्या तारेला हात लावला की आतून माशी अडकल्यासारखा आवाज. साहेबांनी वरच्या भोकातून आत बोटं घातली, तोंडातून च्यक् असा आवाज काढला. मधली फासळी एका टोकाला सुटली होती.

ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"मॅडम, तुमी टोकून पाह्यलं होतं ना?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला सगळं माहीत आहे. मला कात्रीत पकडायला आलाय. माझी जीभ आपोआप वळली.

"हो तर. पाचही टोकून पाहिल्या."

त्यांचा हात खिशाकडे गेला. आता टॉर्च माझ्या तोंडावर मारणार, असं मला वाटलं.

"मंग जोड पक्का होता," ते म्हणाले. "जोड पक्का असूनशान सुटली म्हंजे भार झेपला नाई. पाच कमीच पडते."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

त्यांनी मागची फळी काढली तेव्हा मी शेजारी उभी होते. सुटलेल्या फासळीच्या टोकाला सरसाचा गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा होता. लावायच्या आधीच तो थंड होऊन गोठला होता, लाकडाला धरलाच नव्हता. टोकलं असतं तर पहिल्या दिवशीच ठप्प वाजलं असतं. त्यांच्या डोळ्यांना तो दिसला नाही. मला लख्ख दिसला. पाच कमी पडत नव्हत्या. जोड कच्चा होता. एवढं एक वाक्य बोलायचं होतं आणि ते बोलले असते तर माझं आधीचं वाक्य खोटं पडलं असतं. मी म्हटलं, "चहा टाकू का तुम्हाला?"

त्यांनी ती फासळी पुन्हा चिकटवली आणि वर आणखी दोन घातल्या. सात. शिक्षक आला, वाजवलं, "छान आहे," म्हणाला आणि जालन्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि डोळे कागदाला टेकवून लिहिलं: पाच फासळ्या, नापास. काम बंद. दुसऱ्या दिवशी सरसाचं पातेलं त्यांनी काकूंना देऊन टाकलं. काकूंनी ते घासून तुळशीजवळ पालथं घातलं. पापडही उतरवला.

मी पंधरा दिवस गप्प राहिले. मग एका रविवारी दुपारी ते खोलीतली हत्यारं फडक्यात बांधत होते आणि मी दारात उभी राहून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "साहेब, तुम्ही सगळ्यांवर एवढा संशय का हो घेता?"

ते गाठ मारत राहिले. मग म्हणाले, "नवी नवी नोकरी होती. आडवळनाच्या एका गावात शाळेची खोली बांधून राह्यलो होतो. स्लॅब टाकाच्या आदी लोखंड पाहून सही कराची. त्या दिवशी मले ताप होता. ठेकेदार घरी आला, म्हने साहेब, सगळं बरोबर हाये. मी गादीवर बसून सही केली. वर्षाच्या आत स्लॅब खाली आला. रविवार होता, मॅडम. खोलीत कोनी नव्हतं. सोमवार असता तं..."

त्यांनी पुढची गाठ मारायला घेतली.

"चौकशी झाली?"

"झाली ना. पावसावर गेली, रेतीवर गेली, ठेकेदारावर गेली. माह्यावर कोनालेच शंका आली नाई. मले इचारलं, तुमी पाह्यलं होतं ना? मी म्हनलं, हाव. झालं. त्यायनं इश्वास ठेवला." त्यांनी फडकं घट्ट ओढलं. "माह्यावर कोनी घेतली नाई, म्हनून मी सगळ्यायवर घेतो."

लाज वाटली, इतकी, की पायरीवरच बसले.

"साहेब, मी पाहिलं नव्हतं," मी म्हटलं. "टोकलंच नव्हतं. फोनवर बोलत होते, मग तशीच सही केली. तुम्ही फळी काढली तेव्हा मला दिसलं, सरस गोठलेला होता. जोड धरलाच नव्हता. तेव्हाही बोलले नाही."

ते माझ्याकडे वळले. मोतीबिंदूचे ते दुधाळ डोळे माझ्यावर स्थिर होते. आता हा माणूस काय करेल याचा मला काही अंदाज येईना.

"धरलाच नव्हता?"

"नाही."

"म्हंजे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम पोरासारखा झाला, "पाच पुरत होते!"

त्यांनी बांधलेलं फडकं सोडलं, हत्यारं खणखणत जमिनीवर पडली, आणि चाचपडत रजिस्टर काढलं. 'नापास'वर काट मारून वर मोठ्या अक्षरात लिहिलं: पास. मग अंगणाकडे तोंड करून ओरडले, "अवं, ऐकलं का! पाच पुरते! माह्या हाताची चूक होती, हिशोब बरोबर होता!"

"मंग पातेलं देऊ का वापस?" काकूंनी आतून विचारलं.

"राहू दे. त्या दोन उपटल्या तं पान फाटते. दुसरं पान कुठं हाये आता, अन् डोये कुठं हायेत." पण ते हसत होते. तीन वर्षांत मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते. मलाही रडता रडता हसू आलं. वाटलं, सुटले. माफ केलं म्हाताऱ्यानं.

मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले. मधलं बोट मुडपून माझ्या बाजूच्या दारावर सावकाश तीनदा टोकलं, कान तिरका केला, आणि अगदी हळू, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात विचारलं, "मॅडम, आनखी काय काय नाई पाह्यलं तुमी?"



सोमवारी कचेरीत गेले. ढीग नेहमीसारखा टेबलावर होता. शिक्का उचलला, परत ठेवला, आणि सगळ्यात वरची फाइल उघडून पहिल्या पानापासून वाचायला लागले. तासाभरानं शिपाई पाणी घेऊन आला, तेव्हा मी त्याच फाइलीत होते.

"मॅडम," त्यानं काळजीनं विचारलं, "तब्येत बरी नाई का?"